माफीचे सत्तावीस दिवस

माझ्या टेबलावरच्या फाइली दोन-तीन वर्षांनी रेकॉर्ड रूममध्ये जायच्या. किस्से मात्र कुठे जमा करायची सोय नसते. ते आपल्यासोबत घरी येतात आणि जेवताना पाटाशेजारी बसतात. खानदेशातल्या एका जेलमध्ये मी माफीचा क्लार्क होतो. कुठलं जेल ते विचारू नका, अजून पेन्शन खायची आहे!

माफी म्हणजे काय? कैदी नीट वागला, दिलेलं काम केलं, की महिन्याला त्याच्या शिक्षेतले काही दिवस कमी होतात. ते दिवस मी कार्डावर चढवायचो. लोक विचारतात, कैद्यांची भीती नाही वाटायची? आत होते तोवर कशाला वाटेल? मला भीती वाटायची ती मीच काढलेल्या सुटकेच्या तारखांची. त्यातही भाईदासच्या तारखेची. हा शिंदखेड्याकडचा. बायकोवर, सिंधूबाईवर, विळ्याने वार करून आत आला होता. तिचा उजवा हात कायमचा गेला.

*

भाईदासला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, चांगला वाग, महिन्याला माफी मिळेल. झालं! एक तारीख आली की हा जेलरसाहेबांसमोर हात जोडून उभा. माफी द्या म्हणे. तिसऱ्या महिन्यात साहेब वैतागले. म्हणाले, बाबा, ही माफी मागायची नसते, काम करून मिळवायची असते.

भाईदास जरा विचारात पडला. "मंग साहेब, जी मागानी ती माफी कोठे मागू?"

साहेबांनी समोरची फाइल उघडली. आम्ही सगळेच एकदम कामाला लागलो.

*

आमचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे पंप्या. सावदा-फैजपूरकडच्या केळीच्या मळ्यांतून पाण्याच्या मोटारी उचलणं हा त्याचा धंदा. आत मात्र गाईसारखा गरीब. दर वेळी पूर्ण माफी घेऊन सुटायचा आणि काही महिन्यांत परत गेटवर हजर. साहेबांनी एकदा विचारलंच, अरे, इथे इतका छान वागतोस, बाहेर गेल्यावर तुला होतं काय?

"साहेब, बाहेर वागणूक लिहायला कोणी नसतं ना!"

ऑफिस हसून हसून लोळलं. पुढच्या खेपेला तो माफीमुळे आठ दिवस आधी सुटला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सावद्याला माझ्या व्याह्यांच्या विहिरीवरची मोटार गेली. व्याह्यांचा फोन आला, "पाहुणे, तुमचा माणूस येऊन गेला." सगळ्यांनी चिडवून माझा जीव नकोसा केला. मी वरवरच हसलो. मोटार दुसरी बसवता येते. भाईदासला असे आठ दिवस मिळाले तर?

*

एकदा वरून एक मॅडम आल्या ट्रेनिंग द्यायला. माफीमुळे कैद्याला आशा राहते, तो सुधारतो, असं त्यांनी तासभर सांगितलं. मग विचारलं, तुमचा अनुभव काय? आमचे तात्या उठले. तीस वर्षं गेटवर उभे राहिलेले वॉर्डर.

"मॅडम, जे परत येतात ते दिसतात. जे सुधारतात ते काही सांगायला येत नाहीत."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मला जरा धीर आला, पण तो चहा संपेपर्यंतच टिकला.

*

त्याच सुमारास सिंधूबाई ऑफिसात आली. नवऱ्याला भेटायला नाही, माझ्याकडे. पदराखाली हात झाकलेला.

"भाऊ, त्याले कव्हय सोडतस?"

मी कार्ड काढलं, हिशेब केला आणि तारीख सांगितली. लिहून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. त्याच्या आधी सुरतेला भावाकडे निघून जाईन, तोवर कापूस वेचून होईल, एवढं बोलून ती गेली.

पुढे जेलच्या भटारखान्यात आग लागली. भाईदासने जीव धोक्यात घालून सिलिंडर बाहेर ओढला. त्याला सत्तावीस दिवसांची खास माफी मिळाली. ती कार्डावर मीच चढवली, तीही कौतुकाने. सिंधूबाईला कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आलं ते तो गेटमधून बाहेर पडताना. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, त्याच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला, तो लागेना. धावत स्टँडवर गेलो आणि शिंदखेड्याची एसटी पकडली.

आत भाईदास बसलेला. मांडीवर कापडी पिशवी.

"या भाऊ," म्हणत त्याने सरकून जागा दिली. दोन तास आम्ही शेजारी शेजारी होतो. पिशवीत काय आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे त्याच्या गावापर्यंत चालतही बरोबरच गेलो. कुठे निघालात, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

सिंधूबाई दारातच होती. त्याला पाहून ती पांढरीफटक पडली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं सांगितलं, की अक्का, चूक माझी, त्याला माफी मिळाली, तो आधी सुटला.

"किती दिन?"

"सत्तावीस."

भाईदास ओट्याची पायरी चढायला लागला. ती मागे सरकली नाही.

"त्या सत्तावीस दिन मना शेतस, त्याना नहीत," ती म्हणाली आणि आतून कडी लावली.

भाईदास पायरीवरच थांबला. थोड्या वेळाने खाली उतरला आणि समोरच्या लिंबाखाली पिशवी ठेवून बसला.

परतीची एसटी साडेचारची होती. ती गेली. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.