बत्तीशीचे एकसष्ट गेम

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. मी पॉलिशच्या चाकावर बसतो आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बत्तीशी बसते. मेणात दात लावायचं काम तिचं. एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याला नीट भिडतो का बघायचं, नाही भिडला तर मेण वितळवून पुन्हा सुरुवात. पूर्ण कवळीत खरं तर अठ्ठावीसच दात असतात, पण 'अठ्ठाविशी' हे नाव काही जिभेवर बसेना. शिवाय ती क्वचितच हसते, तोही खोडसाळपणा त्या नावात होता. नाव मीच ठेवलं. तिने कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायलाही अंगात त्राण लागतं, असं तिचं म्हणणं.

तिचं वय शेहेचाळीस. नवरा यंत्रं बसवून देणाऱ्या कंपनीत, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. एकुलती एक मुलगी दोन वर्षांपूर्वी शिकायला दुसऱ्या शहरात गेली. घरात उरले ती आणि सासरे. आणि टीव्हीखालच्या कपाटात उरले तिचे गेम.

गेमचा नाद तिला लग्नाआधीपासूनचा. कन्सोलवरचे, डिस्क घालून खेळायचे गेम. सेल लागला की एखादा घ्यायचा, दोनचार संध्याकाळी खेळायचा, तेवढ्यात मुलीची परीक्षा यायची, सासूबाईंचं दुखणं निघायचं, लॅबमध्ये कामाचा ढीग पडायचा. मग 'नंतर निवांत खेळू' म्हणून डिस्क परत कपाटात. मुलगी गेल्यावर तिने ते कपाट साफ करायला काढलं आणि सगळ्या डिस्क जमिनीवर मांडून मोजल्या. एकसष्ट. त्यातल्या अकरांचं तर प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने आमच्या ऑर्डरच्या पावतीच्या पाठीवर यादी केली. जो आधी घेतला तो आधी संपवायचा, आणि सगळे संपल्याशिवाय नवा घ्यायचा नाही.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"महिन्याला एक धरला तर पाच वर्षं."

"मजा आहे बुवा तुझी."

"मजा कसली? पडून राहिलंय काम, उरकायला नको का?"

पहिलाच गेम तिने लावला तो नऊ वर्षांपूर्वी अर्धा सोडलेला. तेव्हाचा खेळ जिथे साठवून ठेवला होता तिथूनच उघडला. एका मनोऱ्याच्या चौथ्या मजल्यावर एक तलवारवाली बाई उभी, तिच्या बाजूला एक म्हातारा, आणि पिशवीत औषधाच्या त्रेचाळीस बाटल्या. तो म्हातारा कोण, वर चढायचंय की खाली उतरायचंय, कुठलं बटण दाबलं की तलवार चालते, काही म्हणता काही आठवेना. "मी कुठे निघाले होते तेच मला कळेना," ती मला म्हणाली. "आणि त्या बाटल्या. एकही वापरली नव्हती. अडचणीला लागतील म्हणून जपून ठेवल्या असणार." तिने तो गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

लॅब पाचला सुटायची. साडेपाचला घरी, हात धुवायचे, चहा करायचा, एक कप सासऱ्यांना द्यायचा आणि सात वाजेपर्यंत खेळायचं. सातला सासऱ्यांच्या बातम्या. चार महिन्यांत पाच गेम संपले. संपला की यादीतलं नाव खोडायचं आणि लगेच पुढची डिस्क आत. आमच्याकडे एक कवळी डब्यात गेली की दुसरा साचा समोर येतो, अगदी तसं.

सासरे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दी आखल्या. कमी बोलायचे. बातम्यांच्या आधी अर्धा तास हॉलमध्ये येऊन वर्तमानपत्र उघडून बसायचे, म्हणजे सातला टीव्ही रिकामा होतोय याची सुनेला आठवण राहावी. एका संध्याकाळी सहाव्या गेममध्ये ती एका दलदलीत अडकली होती. तीन दिवस झाले, वाट सापडत नव्हती. वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"ही बाई मघापासून इथूनच जातेय."

"कोण बाई, बाबा?"

"ही तुझी. धनुष्यवाली. हा मोडका खांब तीनदा येऊन गेला. उजवीकडचं अजून बघितलेलंच नाही."

ती उजवीकडे गेली. दार तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी ते साडेपाचलाच येऊन बसले, मांडीवर ग्राफचा कागद, हातात टोक काढलेली पेन्सिल. "खांबापासून विहिरीपर्यंत चाल बघू. सरळ. मध्ये उड्या मारू नकोस." ते पावलं मोजायचे आणि कागदावर रेघ ओढायचे. आठवड्याभरात दलदलीचा नकाशा तयार झाला, उत्तरेचा बाण, प्रमाण, सगळं रीतसर. बत्तीशीने तो मला दाखवायला आणला होता. इतका स्वच्छ नकाशा मी आमच्या घराच्या कागदपत्रांतही बघितलेला नाही.

पहिले काही दिवस तिला बरं वाटलं. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांचं बोलणं औषधं आणि विजेचं बिल यापलीकडे गेलं नव्हतं. पण हळूहळू गाडी अडायला लागली. त्यांना नकाशा पुरा हवा असायचा. गेममध्ये जिथे जायची गरजच नाही अशा प्रत्येक कोपऱ्यात तिला चालत जावं लागायचं. डोंगराच्या मागे काय आहे? काही नाही बाबा, नुसतं गवत आहे. मग गवत दाखव. चार महिन्यांत जेमतेम दोन गेम संपले. यादी जिथल्या तिथे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, एवढा त्रास होतो तर सोडून दे ना." बत्तीशी म्हणाली, "सोडून द्यायचं तरी परत ठरवावं लागतं."

मग तो दिवस आला. एका डॉक्टरांकडून तीन कवळ्या परत आल्या, चावा जुळत नाही म्हणून. माप त्यांच्याकडेच चुकलं होतं हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं, पण तसं बोलायची सोय नव्हती. तिने तिन्ही कवळ्यांचे दात पुन्हा लावले. सबंध दिवस मान वर केली नाही. घरी गेली तेव्हा तिच्या डोक्यात एकच होतं, शेवटचा राक्षस मारायचा आणि हा गेम यादीतून उडवायचा. ती राक्षसाच्या दाराशी पोचली तेवढ्यात सासरे म्हणाले, "थांब. पूर्वेचा कोपरा राहिलाय."

"राहू दे ना बाबा. कोण विचारणार आहे?"

"मी विचारतोय."

तिने कंट्रोलर खाली ठेवला. "मी दिवसभर एकेक मिलिमीटर बघून येते. चूक कुणाचीही असो, ऐकून मीच घेते. घरी येऊनही बाजूला बसून कुणी चुका काढत असेल तर मला नकोय ते. खरंच नकोय."

आवाज चढवला नव्हता, असं ती सांगते. चढवायचंही बळ नव्हतं. सासऱ्यांनी कागदाची घडी केली, पेन्सिल खिशाला लावली आणि ते आत गेले. सातला बातम्या बघायला आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खोलीत रेडिओ ऐकायला लागले. अबोला म्हणावा तर तसाही नव्हता. चहा घेतलात का, गोळी घेतलीत का, एवढं चालायचं.

पुढच्या दीड महिन्यात तिने चार गेम संपवले. वाट सापडली नाही की मोबाईलवर शोधायची. पात्रं बोलायला लागली की बटण दाबून पुढे ढकलायची. रविवारी सकाळी बसायची ती दुपारी उठायची.

"कसे होते?" मी एकदा चाकावरून विचारलं.

"काय?"

"ते चार गेम."

तिने मेणाची सुरी दिव्यावर धरली. "एकात घोडा होता."

"मग खेळतेस कशाला?"

"उरलेत म्हणून."

त्यानंतर तिचा उजवा अंगठा गेला. आधी मुळाशी नुसतं ठसठसायचं, मग दात उचलायचा चिमटाही हातातून सुटायला लागला. डॉक्टर म्हणाले, शीर सुजलीय, दिवसभर तेच काम आणि घरी पुन्हा तेच, अंगठा कुरकुरणार नाही तर काय करेल? सहा आठवडे पट्टा. मालकांनी तिला पावत्या लिहायला बसवलं. डाव्या हाताने ती इतकं हळू लिहायची की शेवटी मीच लिहायला लागलो आणि ती नुसती वाचून सांगायची.

घरी मात्र साडेपाच ते सात हा वेळ खायला उठायचा. बंद टीव्हीसमोर बसून राहायची. झोपावं तर झोपही नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उठून सासऱ्यांच्या दारात गेली.

"बाबा, माझा अंगठा चालत नाही. तुम्ही धराल का?"

"काय धरू?"

"कंट्रोलर. कुठलं बटण ते मी सांगते."

त्यांनी रेडिओ बारीक केला. "मला नाही जमायचं ते."

"मलाही कुठे जमतंय सध्या."

थोड्या वेळाने ते चष्मा पुसत बाहेर आले. यादीत पुढचा गेम एका मुलाचा होता, हरवलेलं घर शोधत निघालेल्या. सुरुवातीलाच एक लाकडी पूल लागतो, त्याच्या तीन फळ्या तुटलेल्या. उडी मारून पलीकडे जायचं, बस. सासऱ्यांना तो पूल ओलांडायला बारा दिवस लागले. ते पडद्याकडे न बघता बोटांकडे बघायचे. मुलगा पाण्यात पडायचा.

"पडला बिचारा."

"हिरवं बटण, बाबा. धावता धावता दाबायचं."

"धावत कशाला जायचं? पूल मोडका दिसतोय समोर."

"तो गेम आहे, बाबा."

"ते कळलं मला."

सहाव्या दिवशी, मुलगा पुन्हा पाण्यात पडल्यावर, त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि समोर बघतच बोलले. "मोजणीत एक कोपरा राहिला ना, की पुढे दोन घरं दहा वर्षं भांडतात. मी बघितलंय. म्हणून सवय लागली. इथे कोण भांडणार आहे, ते माझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं," ती म्हणाली. विषय तिथेच संपला. सासऱ्यांनी मुलाला पुन्हा पुलाच्या अलीकडे उभं केलं.

पट्टा निघाला, ती परत मेणावर आली. अंगठा पूर्ववत काही झाला नाही, चारनंतर दुखतोच. सासऱ्यांचा हात मात्र तोवर बसला होता. ती कामावर असताना दुपारीही ते एकटेच लावून बसायचे. चुकणं संपलं नव्हतं, पण रडतखडत का होईना, पुढे सरकत होते. संध्याकाळी दिवसभराचा हिशोब द्यायचे: टेकडी झाली, गुहेत काही नव्हतं, नावाडी भला माणूस आहे. असे आठ-नऊ आठवडे गेले.

मग एका संध्याकाळी ती घरी आली तर टीव्ही बंद, आणि सासरे खुर्चीत हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसलेले.

"लाईट गेलेत का?"

"नाही. संपला."

"काय संपला?"

"गेम. साडेतीनला."

ती चपला न काढता तशीच दारात उभी राहिली. "शेवटी काय होतं?"

"मुलगा घरी पोचतो. घरात कोणी नसतं. तो पायरीवर बसतो, चपला काढतो. मग नावं येतात. वीस मिनिटं येत होती." त्यांनी बंद पडद्याकडे बोट केलं. "मी सगळी वाचली. एवढी माणसं राबली यावर, मला वाटलं होतं दोघातिघांनी केलं असेल. तू वाचतेस का?"

"नाही. मी बटण दाबते."

"हं."

तिला वाईट वाटलं का, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, वाटलं थोडं; शेवट तिलाही बघायचा होता. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाटलं, चला, एक तरी कमी झाला. हे दुसरं वाटल्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

ती यादी घेऊन आली. "खोडू?"

"तुझी यादी आहे. खेळलोय मी. तुझा तर राहिलाच की."

"मी नाही हो पुन्हा खेळणार हा."

"मग लिही तसं."

तिने नाव खोडलं नाही. त्याच्यापुढे 'बाबांनी' असं लिहिलं आणि कागद कपाटात डिस्कांखाली सरकवून दिला. ठरवून नव्हे, टेबलावर चहाला जागा हवी होती म्हणून. तो तिथेच राहिला. एकोणपन्नास गेम अजून बाकी आहेत, हा आकडा आता मला पाठ आहे, तिला विचारलं तर ती सांगते, "असतील चाळीस-पन्नास." सासऱ्यांनी मधलाच एक काढून लावलाय, यादीत तो बराच खाली होता.

मध्यंतरी एका रविवारी मी तिच्याकडे दुरुस्तीचा एक साचा द्यायला गेलो होतो. सासरे खेळत होते. पडद्यावर एक माणूस ओसाड रस्त्याने एकटा चालला होता. बत्तीशी सोफ्यावर, पाय वर घेऊन, दुखरा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गाढ झोपलेली. सासऱ्यांनी मला हातानेच बस म्हणून खुणावलं आणि आवाज आणखी बारीक केला. अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले.

"काय झालं मध्ये?" तिने विचारलं.

"काही नाही," सासरे म्हणाले. "चालतोय नुसता. झोप तू."

ती कुशीवर वळली. साचा मी टेबलावर ठेवला आणि निघालो.