एकाच सहीची दोन पत्रं

"मॅडम, एकच सांगा. रिपोर्ट उघडला होता की नाही?"

लॅबचे डॉक्टर फोनवर हळू आवाजात बोलत होते, कारण समोर माणसं उभी होती. मागून एका म्हाताऱ्याचा आवाज येत होता, "आम्हाले कोनी सांगतलंच नही. कोनीच नही."

सकाळचे अकरा वाजले असतील. मी इतवारा बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात होते. आम्ही तिघं जण मिळून लोकांच्या धंद्यासाठी ॲप आणि सॉफ्टवेअर बनवतो. साडीवाल्याला स्टॉकचं, शाळेला हजेरीचं, केळीच्या पॅकिंगवाल्याला गाड्यांचं. आमचं काम शिंप्यासारखं आहे. माप घ्यायचं आणि शिवायचं. माप चुकलं तर दोष गिऱ्हाइकाच्या अंगाचा नसतो.

त्या लॅबचं ॲप आमचं होतं. काम सोपं होतं. रिपोर्ट तयार झाला की पेशंटच्या मोबाईलवर मेसेज जाई. लिंक दाबली की रिपोर्ट दिसे. पेशंटनं पाहिला की लॅबच्या स्क्रीनवर हिरवी खूण होई. दोन दिवस पाहिलाच नाही तर लाल. लाल दिसला की काउंटरवरच्या माणसानं फोन करायचा. पूर्वी प्रत्येकाच्या घरी फोन करावा लागे, ती कटकट मी संपवली म्हणून डॉक्टरांनी आम्हाला पेढे दिले होते.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"सुनीता. बहादरपूर. नंबर लिहून घ्या. ब्रेस्टमध्ये गाठ होती, सुईची तपासणी केली होती. सॅम्पल इंदूरला पाठवलं होतं आपण."

"काय आलं होतं?"

"कॅन्सर. पाच महिने झाले. आता काखेत पसरलाय. घरचे म्हणतात, आम्हाला कळवलंच नाही."

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे ॲपची रोजनिशी. कोणत्या नंबरवरून कधी काय उघडलं, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. नोंद सापडली. रिपोर्ट आला त्याच दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, हिरवा.

"उघडलाय, डॉक्टरसाहेब."

"पक्का?"

"पक्का."

"बस. लेटरहेडवर लिहून द्या. ये लोग मेरी लॅब बंद करवा देंगे."

मी चार ओळी लिहिल्या. त्यातली मुख्य ओळ अशी: सदर रिपोर्ट ग्राहकाने ॲपमध्ये उघडून पाहिला आहे. खाली सही, शिक्का. सही करताना मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. एका बाईला कॅन्सर झाला होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, ॲप चुकलं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवलेसुद्धा.

नऊ दिवसांनी एक बाई जिना चढून आली. वय तिशी-बत्तिशीचं. हातात पिशवी, चप्पल धुळीनं भरलेली. तिनं मोबाईलवर माझ्याच पत्राचा फोटो दाखवला.

"हे तुम्हीच लिहिलं ना?"

"हो. आपण?"

"मी रूपाली. बहादरपूरची धाकली सून. सद्या तुकईथडले आहे, माहेरी. तुमचा कागद आला अन् दुसऱ्या दिवशी मले आनून सोडलं."

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"समदे म्हनतात, मी जीजीचा रिपोर्ट पाह्यला अन् दाबून ठेवला. का, तं म्हने जमीन माझ्या पोराच्या नावानं व्हावी म्हनून. मॅडम, मी त्यांचा रिपोर्ट डोळ्यानं पाह्यला नही." जीजी म्हणजे तिची मोठी जाऊ. तीच ती आजारी बाई.

"पण त्या दिवशी फोनवर रिपोर्ट उघडला कोणी?"

"मीच. माझा होता तो. थायराइडचा."

तिनं सगळं सांगितलं. त्या घरात बँकेत, दवाखान्यात, गॅसवाल्याकडे, सगळीकडे एकच नंबर दिलेला, सासऱ्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मेसेज वाचायचं काम हिचं. मेसेज आला, सुनीताजी, आपकी रिपोर्ट तैयार है. हिनं उघडला, थायरॉइड ठीक होता. आबांनी ओट्यावरून विचारलं, "काय आलं वं?" ही म्हणाली, "नॉर्मल आहे, आबा." दोघींच्या तपासण्या एकाच आठवड्यात झाल्या होत्या. आबांना वाटलं, थोरलीचं विचारलं, थोरलीचं कळलं. घरादाराचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरकडे परत जायची गरजच कोणाला वाटली नाही.

"पण मेसेज तर सुनीताच्या नावाचा होता," मी म्हटलं.

"सुनीता मीच ना!" ती पहिल्यांदाच चिडली. "आधारवर मी सुनीताच आहे. जीजी पन सुनीता. एका घरात दोन सुनीता कशा चालतील? म्हनून लग्नात माझं नाव बदललं."

मला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. 

आता ही आमच्या धंद्यातली गोष्ट समजून घ्या. माणसाला चेहरा असतो, कॉम्प्युटरला तो दिसत नाही. त्याला ओळखीची एखादी खूण द्यावी लागते. आम्ही मोबाईल नंबर दिला होता. पण एका नंबरवर अख्खं घर, म्हणून सोबत नाव आणि वय घेतलं. त्यात काउंटरवर एकाच बाईची दहा रूपं व्हायची. सुनीता, सुनिता, सुनीताबाई. वय कधी तेहतीस, कधी "लिख लो पैंतीस". मग मी एक नियम लिहिला. नंबर एक, नाव एक, वयात पाच-सहा वर्षांचा फरक, तर माणूस एकच समजायचा आणि दोन्ही खाती जोडून टाकायची. याला आम्ही मर्ज म्हणतो. नियम चालला. डॉक्टर खूश, मी खूश.

नवऱ्याचं नाव सक्तीचं ठेवलं असतं तर दोघी वेगळ्या राहिल्या असत्या. आधी ते तसंच होतं. पण काउंटरवर खेड्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हसतात, लाजतात, "लिहा ना, समद्यांले मालूम आहे" म्हणतात, आणि मागे रांग खोळंबते. काउंटरवाल्यानं तक्रार केली. मी दोन मिनिटांत ती सक्ती काढली.

आणखी एक घाण मीच करून ठेवली होती. प्रत्येक रिपोर्टची हिरवी खूण वेगळी हवी. मी घाईत खात्याची एकच ठेवली. खातं उघडलं की आतले सगळे रिपोर्ट पाहिलेले. दोघींचे रिपोर्ट एकाच दिवशी आले, खातं एकच म्हणून मेसेजही एकच गेला. रूपालीनं वरचा थायरॉइडचा उघडला. त्याच्याखाली, तिनं कधी बोटही न लावलेला, जावेचा रिपोर्ट हिरवा झाला. लाल झालाच नाही, म्हणून लॅबमधून फोनही गेला नाही.

मी तिच्यासमोरच स्क्रीनवर शोधलं. दोन खाती, मर्ज, तारीख. दोन्हीकडे नवऱ्याचं नाव रिकामं.

माझं स्वतःचं नाव लग्नात बदललेलं आहे. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं. आधारवर मी मनीषा, सासरी वैदेही, आणि त्यापायी मी पोस्टात, बँकेत शंभरदा भांडले आहे. बाहेरून आलेल्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं तर समजू शकते. मला सुचायला हवं होतं. कामाला बसले की मी सासरची उरत नाही आणि माहेरचीही उरत नाही, एवढंच.

"चूक तुमची नाही," मी तिला म्हटलं. "माझी आहे."

"मंग तसं लिहून द्या," ती म्हणाली, आणि तेव्हा बसली.

दुसऱ्या दिवशी मी आधी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"दुरुस्त केलं?"

"हो. आज सकाळीच."

"मग झालं तर. मर्जची नोंद काढून टाका. लॉगही पुसून टाका."

"आणि ती बाई?"

"कोणती? आजारी आहे तिला याचा काय फायदा? आणि धाकटीला आज ना उद्या घेऊन जातील परत. घर का मामला है, मॅडम. आपल्या दोघांचा धंदा बसेल."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चूक दुरुस्त करायला मला चाळीस मिनिटं लागली होती. पत्र लिहायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी असे आणखी किती जण जोडले गेलेत ते शोधत बसले, एकेकाला फोन केले, खाती वेगळी केली. ते काम गरजेचं होतंच. पण पत्र टाळायला मला कामच हवं होतं, हेही तितकंच खरं. तुकईथडहून रोज फोन येई. मी रोज "आज लिहिते" म्हणायची.

पाचव्या दिवशी लिहिलं. काहीही पुसलं नाही. लॉगचा कागद जोडला आणि बहादरपूरला गेले.

घर चांगलं, मोठं. दारात केळीची रोपं उतरवलेली. आबा खाटेवर बसले होते, शेजारी थोरला मुलगा. आत भिंतीला टेकून थोरली सुनीता बसली होती. डोक्याला रुमाल, हात काठीसारखे. मी सगळं सांगितलं. सोपं करून सांगितलं, दोनदा सांगितलं.

आबांनी जुनं पत्र उशाखालून काढलं. नवं शेजारी ठेवलं.

"मांगं तुम्ही लिहिलं, पाह्यला. आता लिहिता, नही पाह्यला. दोन्ही कागदांवर सही तुमचीच. आम्ही कोन्ता खरा मानावा?"

"हा नवा, आबा. पहिलं लिहिताना मी नीट तपासलं नव्हतं."

"नही तपासलं, तं सही काहून केली?"

 इतका सरळ प्रश्न मला आजवर कोणत्याही क्लायंटनं विचारला नव्हता.

थोरलीनं नवऱ्याला म्हटलं, "तिले फोन लावा."

त्यानं स्पीकरवर लावला. थोरली म्हणाली, "रूपा, ॲपवाल्या मॅडम आल्या आहेत. तू खरंच बोलत होती म्हने. ये वं घरी."

 रूपाली म्हणाली, "जीजी, मी तं पयल्याच दिवशी सांगतलं होतं. तवा माझ्याजवळ कागद नव्हता." आणि तिनं फोन ठेवला.

 मला पाणी विचारलं गेलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

नव्या पत्राची प्रत मी डॉक्टरांना दिली. महिन्याभरात त्यांनी आमचं ॲप काढलं आणि इंदूरच्या कोणाकडून दुसरं घेतलं. आबांनी केस केली नाही. करायला हवी होती, असं मला वाटतं. लॅब आजही चालते. थोरलीचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं, पाच महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." पण मान वळवून म्हणाले.

रूपाली पंधरा दिवसांनी आपली आपण परत गेली. कोणी घ्यायला गेलं नव्हतं. जीजीच्या पोटात काही ठरत नव्हतं, आणि भरवायला दुसरं कोणी नव्हतं. पुढचे सात महिने तिनंच सगळं केलं. मग थोरली सुनीता गेली.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले. रूपालीनं चहा दिला. आम्ही दोघी मागच्या ओसरीवर बसलो. तिचे डोळे कोरडे होते. मी म्हटलं, "निदान त्यांच्या मनातलं तरी निघून गेलं होतं ना?"

"जीजी चांगल्या होत्या," ती म्हणाली. "कदीच बोलून नही दाखवलं. पन मी भरवत असले की मधीच विचारायच्या, रूपा, खरं सांग, तू पाह्यला नव्हता ना? मी म्हनायची, नही जीजी. मंग खायच्या. दोन दिवसांनी पुन्हा विचारायच्या. शेवटच्या दिवशी पन विचारलं."

तिनं कप उचलले आणि आत गेली.

आता आमच्या ऑफिसात एक नियम आहे. कुठल्याही क्लायंटला लॉगवरून पत्र द्यायचं झालं तर शेवटी एक ओळ लिहायचीच: या नंबरवर रिपोर्ट उघडला गेला, फोन कोणाच्या हातात होता आणि त्यानं काय वाचलं, हे आम्हाला माहीत नाही. क्लायंटला ही ओळ आवडत नाही. काढा म्हणतात, पत्र कमजोर वाटतं म्हणतात. मी काढत नाही. लिहायला अर्धं मिनिट लागतं.