नाळेच्या रक्तावरचं माझं पत्रक

नाळेचं रक्त साठवून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांविरुद्ध आम्ही मंठ्याच्या बाजारात पत्रकं वाटली. ती मी लिहिली होती. धडधाकट बाळाच्या आईबापाला भीती घालून पैसा उकळणं ही लूट आहे, हे मी आजही म्हणेन. पण आमच्या संघटनेतल्या एका डॉक्टर मैत्रिणीने मसुद्यात एक ओळ घातली होती: घरात रक्ताचा कर्करोग झालेलं मूल असेल, तर होणाऱ्या भावंडाच्या नाळेचं रक्त कामी येऊ शकतं, डॉक्टरांना विचारा. ती ओळ मी खोडली. "पत्रकात 'पण' आला की धार जाते," असं वर तिलाच शिकवलं.

भाचीला तो आजार निघाला त्यानंतर वर्षाने. औषधं लागू पडत होती, पोरगी सावरत होती. तिच्या आईला, माझ्या अक्काला, दुसऱ्या खेपेचा आठवा महिना. मी तहसीलसमोर धरण्यावर बसलेले, तेव्हा तिचा भोकरदनहून फोन आला.

"बाळंतपणाचे डॉक्टर म्हनून राह्यलेत, नाळेचं रक्त ठिवा म्हून."

"अक्का, धंदा हाय तो. कमिशन असतं त्यांना. पत्रक दिलं न्हाई का मी तुला?"

"दिलं की. फ्रिजवर लावलंय तुझ्या दाजींनी. पन पोरीला जर का..."

"पन-बिन काही न्हाई. फसू नको."

"बरं बाई. तू शिकलेली."

मुलगा झाला. नाळ, वार दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली.

पाच महिन्यांनी पोरीचा आजार उलटला. संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी बाळाची तपासणी केली. त्याच्या पेशी बहिणीशी तंतोतंत जुळत होत्या.

"नाळेचं रक्त ठेवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. अक्काने पाहिलं नाही.

"घाईत राहून गेलं, साहेब," ती म्हणाली. "आमचीच चूक."

कलेक्टरला तोंडावर जाब विचारणारी मी. त्या खोलीत मला एक वाक्य बोलायचं होतं, की चूक माझी. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसले.

"मग बाळाच्या हाडातली मज्जा काढावी लागेल, त्याचं वजन वाढेपर्यंत थांबू," डॉक्टर म्हणाले. "तोवर औषधांवर तिला धरून ठेवायचं. बघू."

बाहेर आल्यावर अक्काने बाळ माझ्याकडे दिलं आणि पोरीला उचलून घेतलं. पोरगी फार हलकी झाली होती. बाळही हलकंच होतं.