आधी वायर कापा, मग नवा चार्जर घ्या

चावी करून घ्यायला आलेल्या माणसाला तो सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा, "कुणाची?" त्यावरून अख्ख्या रस्त्याने त्याचं नावच 'कुणाची' पाडलं होतं. बँकेच्या जिन्याखाली त्याची टपरी होती. चाव्या कापायचं यंत्र, खिळ्यांवर लटकवलेल्या कोऱ्या चाव्या आणि बसायला एक स्टूल, एवढाच पसारा. नवऱ्याच्या कपाटाची चावी साबणावर उमटवून आणणारी बायको, भावाच्या खोलीची चावी गुपचूप करून मागणारा भाऊ, असली गिऱ्हाइकं पाहून पाहून संशय त्याच्या हाडीमाशी खिळला होता. "यांना आरशातल्या माणसाचीही खात्री वाटत नाही," असं त्याची बायको म्हणायची.

यंत्रासाठी वीज तो शेजारच्या चपलांच्या दुकानातून घ्यायचा. ते दुकान बंद पडलं, तेव्हा जावयाने त्याला एक पॉवर स्टेशन आणून दिलं. म्हणजे कडीला धरून उचलता येईल अशी बॅटरीची पेटी. घरी चार्ज करायची आणि दिवसभर तिच्यावर यंत्र चालवायचं. लवकर चार्ज व्हावी म्हणून जावयाने सोबत वेगळा चार्जरही घेतला होता. सासऱ्याने तोंडभर कौतुक केलं, पण मनात पाल चुकचुकलीच. न मागता एवढी भारी वस्तू देतोय, म्हणजे याच्या पोटात आहे तरी काय?

मग एका दुपारी फोन आला. बाईचा आवाज, अगदी साखर पेरलेला.

"काका, आमच्या कंपनीचा चार्जर आहे ना तुमच्याकडे? तो वापरू नका. तापून पेट घेऊ शकतो, म्हणून आम्ही ते सगळे मागे घेतोय."

"मग कुठे आणून देऊ?"

"आणायचा नाही, काका. प्लग काढा, वायर कापून टाका आणि फोटो पाठवा. नवा चार्जर घरपोच येईल. फुकट."

'फुकट' म्हटल्याबरोबर त्याचे कान टवकारले.

"म्हणजे दाढ आधी मी उपटून द्यायची आणि ती किडली होती हे तुम्ही मागाहून सांगणार? माझा नंबर दिला कुणी तुम्हाला?"

"खरेदीच्या वेळी तुमच्या जावयांनी नोंदवला होता."

वायर राहिली बाजूला, त्याने फोनच कापला. पण संशयाचा किडा वळवळला तो वळवळलाच. जावयाने नंबर दिला! रविवारी चार्जर पिशवीत घालून तो तडक मुलीच्या घरी गेला आणि पाणी पिण्याआधीच त्याने विचारलं, "जावईबापू, हा जुना, कुणीतरी वापरून टाकलेला तर नाही ना?"

"बाबा!" मुलगी ओरडली.

जावयाचा चेहरा उतरला. त्याने मोबाईलवर कंपनीचं पान उघडलं आणि चार्जरच्या पाठीवरचा नंबर ताडून पाहिला. "मामा, ती बाई खरं बोलत होती. हा त्यातलाच आहे. कापा."

"मोबाईल तुमचा, नंबर दिलेला तुम्ही. मी काय ओळखणार? कापायचाच तर ज्याने विकला त्याच्या डोळ्यांदेखत कापतो."

"चला मग," जावई म्हणाला आणि त्याने पायात चपला सरकवल्या. दोघं थेट त्या दुकानात गेले.

दुकानदार मात्र पाहुणे आल्यासारखा खुलला. "बरं झालं आणलात, काका. ठेवून जा. कंपनीला मी पाठवतो, नवा आला की कळवतो." बोलता बोलता त्याने चार्जर काउंटरखालच्या खोक्यात टाकलासुद्धा. 'कुणाची'ने वाकून पाहिलं. खोक्यात तसलेच कितीतरी चार्जर होते, सगळ्यांच्या वायरी शाबूत.

"कंपनी तर कापायला सांगते."

"चांगली वस्तू कापून कशाला खराब करायची?"

एवढ्यात पलीकडे उभ्या असलेल्या एका बाईंनी चार्जर मागितला. दुकानदाराच्या बायकोने त्याच खोक्यातला एक काढला, फडक्याने पुसला आणि त्यांच्यापुढे ठेवला. दुकानदाराची नजर क्षणभर बाजूला सटकली. जिन्याखाली बसून चावीवाल्याने जन्मभर नेमकी हीच नजर पाहिली होती.

"बाई, घेऊ नका तो! पेट घेतो!"

"माझं गिऱ्हाईक तोडता? बाहेर व्हा!" दुकानदार खवळला.

जावई पुढे झाला. त्याने मोबाईल त्या बाईंसमोर धरला आणि म्हणाला, "नंबर तुम्हीच जुळवून बघा." त्यांनी पाहिलं, चार्जर खाली ठेवला आणि मुकाट्याने पायऱ्या उतरल्या. जावयाने खोक्यात हात घालून आपला चार्जर ओढून काढला. सासऱ्याने खिशातली कातर-पक्कड काढून वायर काउंटरवरच तोडली. आतलं वेष्टण करपून काळं पडलं होतं. जळकट वास आला.

 हाच चार्जर सासरा रोज बायकोच्या उशाशी, गोधड्यांच्या चवडीला खेटून लावत होता.

रस्त्यावर आल्यावर जावई म्हणाला, "मामा, तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, त्याचं वाईट वाटलं."

"वाटणारच." सासऱ्याने कापलेला चार्जर पिशवीत टाकला. मग म्हणाला, "ती फोनवरची बाई खरी, तुम्ही खरे. चुकलो तो मी."

"पण त्या दुकानदाराला ओळखलंत," जावई म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

जावयाने कापलेल्या वायरीचा फोटो कंपनीला पाठवला आणि दुकानातल्या खोक्याबद्दलही कळवलं. त्यांची माणसं येऊन ते खोकं घेऊन गेली. नवा चार्जरही आला. पण जावई येईपर्यंत 'कुणाची'ने त्याला हात लावला नाही. मग स्वयंपाकघराच्या दगडी ओट्यावर तो लावून दोघं समोर बसले आणि आळीपाळीने हात लावून बघू लागले.

"किती तापलाय?" सासऱ्याने विचारलं.

"कोमट आहे."

"कोमट म्हणजे किती कोमट?"

"अंड्यांवर बसलेल्या कोंबड्या बऱ्या," बायको आतल्या खोलीतून म्हणाली. त्यावर जावई हसत सुटला; सासऱ्याने मात्र चार्जरवरचा हात काही काढला नाही.