मामीचा नियम आणि बूट

इंग्रिडमामीच्या भावाचा, युर्गनचा मेल आला तेव्हा मी कुकर लावत होते. इंग्रजीतल्या तीन ओळी. बहीण मंगळवारी सकाळी गेली, त्रास झाला नाही, फुलं पाठवू नयेत. मी शिट्ट्या होऊ दिल्या, गॅस बंद केला आणि मगच खुर्चीत बसले. त्याला आता दीड महिना झाला.

इंग्रिडमामी म्हणजे माझ्या आईच्या मावसभावाची, वसंतमामाची, जर्मन बायको. मामा लवकर गेला. मग ती जपानमध्ये जर्मन शिकवायला गेली आणि निवृत्त झाल्यावर चिबाच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात राहिली. थोरल्या भावाला, युर्गनला, तिनेच तिथे बोलावून घेतलं. लग्नानंतर वर्षभर ती सांगलीत सासूच्या हाताखाली होती. मराठी तिथेच शिकली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे नुसते हुकूम. बस. खा. झाकण ठेव. माझ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "पाय धू."

जपानमधल्या मोठ्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या वर्षी तीन दिवसांची सुट्टी जोडून आली आणि तिचा फोन आला, "मंजू, ये. मुलीला आण." आम्ही तेव्हा टोकियोत निशी-कसाईला राहत होतो आणि नवरा कामासाठी मुंबईला गेला होता. मला जायचं नव्हतं. भूकंपाच्या दिवशी मुक्ता शाळेत होती आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. ट्रेन बंद, फोन बंद... तिच्यापर्यंत चालत पोचायला मला चार तास लागले होते. तेव्हापासून छताचा दिवा जरा हलला तरी माझा हात आधी तिच्या मनगटाकडे जायचा. आणि ही बाई समुद्रकाठी बोलावत होती. पण परक्या देशात नात्यातलं दुसरं कोण होतं? गेलो.

दारात काढलेले आमचे बूट तिने उचलले आणि सरळ झोपायच्या खोलीत, अंथरुणाशेजारी वर्तमानपत्रावर ठेवले. टोकं दाराकडे, एका बुटात टॉर्च. मी म्हटलं, "जपानी घरात बूट आत?" ती म्हणाली, "काच फुटते. पाय कापतो. मग पळशील कशी?" मग कॉफी आणि प्लमचा केक समोर ठेवून तिने घरचा नियम सांगितला. जमीन हलली की प्रत्येकाने थेट टेकडीवरच्या देवळात जायचं. कुणी कुणाला शोधायचं नाही.

"मुक्ता समोर नसली तरी?"

"तरी. ती वर येते, तू वर येते. शोधलं तर दोघी बुडतात. उत्तरेला माणसं अशीच गेली."

"मामी, आमच्यात आई असं करत नाही. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार."

मी हे बोलले. युर्गनला मराठी येत नव्हतं, तरी त्याने बशीवरून मान वर केली. मामी केक कापत म्हणाली, "खा."

दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ वर्षांची मुक्ता युर्गनबरोबर शिंपले वेचायला गेली आणि जमीन हलायला लागली. धक्का मोठा नव्हता, पण थांबेना. कपाटातल्या बशा पुढे सरकत आल्या. मग खांबावरच्या भोंग्यातून बाईचा शांत आवाज... उंचावर जा. मामीने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि म्हणाली, "वर चल." मी घरातल्या सपातांवरच खाली धावले.

किनाऱ्यावर कुणी नव्हतं. वाळूत मुक्ताची निळी बादली आडवी पडली होती. पाणी मागे सरलंय असं मला वाटलं. खरंच सरलं होतं का, ते आजही सांगता येणार नाही. मी तिला हाका मारत राहिले. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. मामी होती. सत्तरी उलटलेली, एक गुडघा निकामी.

"तुम्ही का आलात?"

"बोलू नको. चाल."

देवळाच्या पायऱ्यांवर ती दर दहा पायऱ्यांनी थांबत होती. मला पुढे ढकलत होती, मी तिला ओढत होते. पाठीमागे समुद्र होता आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही. वर मुक्ता युर्गनच्या जाकिटात गुंडाळून बसली होती. मला पाहून म्हणाली, "आई, किती उशीर," आणि मग रडायला लागली. लाट आली ती घोट्याएवढीसुद्धा नव्हती.

उतरताना मी मामीला म्हटलं, "नियम तर तुमचाच होता."

ती पायरीकडे बघत उतरत होती. "मूल म्हणजे काय, आता कळलं," ती म्हणाली. "मूर्खपणा असतो. परत करू नको."

त्यानंतर तिने मुक्ताकडून एकच गोष्ट घोकून घेतली. सुखरूप पोचलं की दोन शब्द कळवायचे, 'वर आहे'. आम्ही पुण्याला परतल्यावरही तिकडे जमीन हलली की मामीचे ते दोन शब्द यायचे. मुक्ता शिकायला पुन्हा टोकियोला गेली, तेव्हापासून दोघींचे यायचे.

माझे बूट अजून पलंगाशेजारी असतात, टोकं दाराकडे. नवरा म्हणतो, पुण्यात कुठला समुद्र. गेल्या आठवड्यात टीव्हीवर तिकडच्या धक्क्याची बातमी आली. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. शोधायचं नाही. पलंगावर बसून बूट घातले, नाड्या बांधल्या. अकरा मिनिटांनी मुक्ताचा मेसेज आला, 'वर आहे.'

तरी मी आणखी थोडा वेळ तशीच बसून राहिले, दुसऱ्या मेसेजची वाट बघत... मग नाड्या सोडल्या.