बुंध्याचा मान

गणपतकाका गेल्या भाद्रपदात वारले, तेव्हा त्यांना खांदा द्यायला आमच्या वाडीत रीघ लागली. मेलेल्या माणसाला खांदा द्यायला आमची वाडी कधी मागे नसते. जिवंतपणी मात्र दहा वर्षं त्यांच्या अंगणात कोणी पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याला कारण मी. हे मी आजवर चारचौघांत बोललो नाही. आता एकोणसत्तर साल उजाडलंय. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

गणपत खवणेकर मुंबईच्या गोदीत हमाल होते. दहाव्या वर्षी त्यांनी पाठीवर पहिलं पोतं घेतलं आणि पस्तिशीत गुडघे कामातून गेले म्हणून गावी परतले. उंची जेमतेम पाच फूट. गोदीजवळच्या एका व्यायामशाळेत संध्याकाळी जाऊन बसायचे, तिथल्या वस्तादांनी त्यांना शहाणं केलं होतं. बायको-मुलं नव्हती. त्रेपन्न साली त्यांनी आपला रिकामा गोठा सारवला, आत लाल माती टाकली आणि वाडीतल्या पोरांसाठी तालीम काढली. फी काही नाही. फक्त येताना तोंड धुऊन यायचं.

वाडीने आधी नाक मुरडलं. "वजना उचलून पोरा गिड्डी रवतत. गणपताकच बघा मा," असं जो तो म्हणायचा. म्हणणारे हेच लोक सकाळी आपली दहा-बारा वर्षांची पोरं चिऱ्यांच्या खाणीवर धाडायचे. चिरा डोक्यावर घेतला तर वाढ खुंटत नाही, वाळूची थैली हातात घेतली की खुंटते, असं आमच्याकडचं शास्त्र.

काकांनी वाद घातला नाही. दर दसऱ्याला ते प्रत्येक पोराला गोठ्याच्या दाराच्या खांबाला पाठ लावून उभं करायचे आणि डोक्याच्या वर कोयत्याने बारीक खूण करायचे. दरसाल खुणा वर चढत गेल्या. पण बघायला कोणी आलं तर ना.

मी गेलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. बरगड्या मोजून घ्याव्यात असा, पावसाळाभर खोकणारा. पहिले सहा महिने त्यांनी माझ्या हातात काडीसुद्धा दिली नाही. भिंतीला हात लावून जोर, अर्ध्या बैठका, श्वास कोंडायचा नाही, कंबर वाकवायची नाही. मग अर्ध्या शेराच्या वाळूच्या थैल्या आल्या. थैली दहा वेळा नीट उचलता आली की मूठभर वाळू वाढायची. नवव्या वेळेला पाठ वाकली तर तीच मूठ परत काढून घ्यायचे. दोन पोरांना एकमेकांशी चढाओढ करू द्यायचे नाहीत, आणि सोमवारी-शुक्रवारी तालीम बंद, अंगाला विश्रांती. मोठ्या मुलांसाठी फणसाच्या लाकडाचा मुद्गल होता. एकदा त्यांची पाठ वळलेली बघून मी तो उचलला. पेलेना, पण खाली ठेवायची लाज वाटली. काकांनी येऊन तो काढून घेतला.

"खाली ठेवूक कोण नको म्हणी होतो?" ते म्हणाले. "भिक्या, एक ध्यानात ठेव. दमल्यार खाली ठेवूक गावता तो व्यायाम. ठेवूक गावणा नाय, तो बोजो. बोजो मिया आयुष्यभर व्हयलंय. तो तुमका शिकवचो नाय."

दोन वर्षांत माझा खोकला गेला. मी ताठ चालायला लागलो, रात्री गाढ झोपायला लागलो. आई शेजारणींना बोलावून माझे दंड दाखवायची. मला तालमीत जावंसं वाटे तसं दुसरीकडे कुठेच जावंसं वाटत नसे.

आणि मग अठ्ठावन्नचा शिमगा आला.

आमच्याकडे होळीसाठी आंब्याचं आख्खं झाड तोडतात आणि खांद्यावर घालून देवीच्या देवळापर्यंत नेतात. वाटेत ते जमिनीला टेकवायचं नाही. बुंध्याकडे, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त वजन, तिथे एक खांदा आमच्या घराचा. हा आमचा पिढ्यान् पिढ्यांचा मान. ज्या वर्षी घरातून खांदा आला नाही, त्या वर्षी मान भावकीत जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. दरवर्षी माझा चुलता मुंबईहून यायचा. त्या साली त्याला रजा मिळाली नाही. बाबांना अंतर्गळ, त्यांना तांब्यासुद्धा जपून उचलावा लागे. भावकीतले लोक आमच्या घराकडे बघून आधीच मिशीत हसत होते.

बाबा तालमीत आले. मी तिथेच होतो.

"गणपत, यंदा माझो झिल बुंध्याक लागतलो."

"तेरा वर्सांचो आसा तो, हरिश्चंद्रा. अजून चार शिमगे जावंदेत. मगे लाव."

"मगे दोन वर्सां हय केल्यान काय?"

"अंग सरळ ठेवूक शिकलो. झाड व्हावूक नाय."

"माझो मान जातलो."

"जावंदे," काका म्हणाले. "पोर रवात."

बाबा निघून गेले. मी मात्र काकांवर रागावलो. मला बुंध्याला लागायचं होतं. हे मी लपवत नाही.

लागलो. ढोल वाजत होते, पोरं बोंबलत होती, आणि माझ्या डाव्या खांद्यावर ओलं, जड झाड होतं. अर्ध्या वाटेत शेताचा बांध उतरताना पुढचे लोक एकदम खाली गेले आणि सगळा भार मागे बुंध्याकडे आला. कमरेत काहीतरी सरकलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली ठेवायची सोय नव्हती. मी देवळापर्यंत गेलो. बाबांनी माझ्या तोंडाला गुलाल फासला आणि भावकीकडे वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना.

होळीत खांद्याचा माणूस जायबंदी झाला, असं म्हणायची आमच्याकडे सोय नाही. तसं झालं म्हणजे देवी कोपली, आणि कोपली म्हणजे मानकऱ्याचंच काही चुकलं. मान राखायला पोर घातलं होतं, ते पोर मोडलं, आता मानही जाणार. म्हणून बाबांनी वाडीत सांगितलं की पोराची कंबर तालमीत भरली. वाडी असं काही ऐकायला पाच वर्षं टपूनच बसली होती.

देवळात गाऱ्हाणं घातलं. देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावून कौल घ्यायचा होता. उजवी कळी पडली तर तालीम चालू, डावी पडली तर बंद. मला पाटावर बसवून चौघांनी उचलून नेलं. तेवढ्यात गणपतकाका आले. त्यांनी गोठ्याच्या दाराचा खांब उपटला होता आणि तो खांद्यावर घालून आपल्या मोडक्या गुडघ्यांनी देवळाची चढण चढून आले होते. पाच वर्षांच्या सगळ्या खुणा त्यावर होत्या. त्यांनी खांब सभामंडपात उभा धरला.

"हे बघा," ते म्हणाले. "एक पोर गिड्डा रवला तर दाखवा. एकाचो हात मोडलो तर सांगा."

कोणी उठून बघितलं नाही. एक म्हातारा म्हणाला की गोठ्याचा खांब देवळात आणलास, आता देऊळ शुद्ध करावं लागेल.

मग गुरवाने मला विचारलं, "झिला, कंबर खंय भरली?"

बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांनी दाबला नाही, नुसता ठेवला होता. काका खांब धरून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती. मी खरं सांगणार याची त्यांना खात्री होती.

"तालमीत," मी म्हणालो.

डावी कळी पडली. न पडती तरी चाललं असतं.

मी तीन महिने आडवा होतो. बाबा शेतावर गेले की काका मागच्या दाराने यायचे. आई त्यांना घरात घ्यायची आणि स्वतः पुढच्या पडवीत राखण बसायची. काकांनी मला पहिल्यापासून सुरू केलं. आधी नुसता श्वास. मग पाय वीतभर वर. मग उभं राहणं. देवळातल्या गोष्टीचं अक्षरही त्यांनी काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. दसऱ्याला मी चालत सोनं वाटायला गेलो. बाबांनी देवीला नारळ वाढवला. देवीने पोर उभं केलं, असं सगळी वाडी म्हणाली.

तालीम गेल्यावर काका चिऱ्यांच्या खाणीवर रोजाने जाऊ लागले. तिथे त्यांच्या बाजूला डोक्यावर चिरा घेऊन चालणारी पोरं म्हणजे त्यांचीच तालमीतली. त्यांच्या वाकलेल्या मानांसाठी कोणी कौल लावला नाही. मी पुढे मोठा झालो, आणि दर शिमग्याला बुंध्याला लागलो. मान आजही आमच्याच घरात आहे.

गेल्या श्रावणात काकांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी गेलो. गोठ्याच्या दाराला खांब नव्हता, तिथे बांबू टेकवला होता. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि दहा वर्षं घोकलेलं बोललो, की माझं चुकलं, बाबांचा हात खांद्यावर होता म्हणून तोंडातून खोटं गेलं.

काकांनी मान माझ्याकडे वळवली.

"खंयच्या खांद्यार?"

"डाव्या."

"बुंध्याक लागललो तोच?"

"व्हय."

"दोन वर्सां मिया तयार केल्लो खांदो तो," काका म्हणाले. "झाड पेलूचो नाय, ह्या माका ठावक होता. एक हात तरी पेलतलो, असा वाटलेला."

मग त्यांनी भिंतीकडे कूस बदलली, आणि मी उठून जाईपर्यंत ते परत वळले नाहीत.