हळद वाळल्यावर

माझ्या बायकोला गर्दी सोसत नाही, असं तिच्या माहेरी सगळे मानतात. ते साफ खोटं आहे आणि ते मीच पसरवलं. गर्दी सोसत नव्हती ती मला.

मला सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, डोकं, सगळीकडून पांढरी पापडी सुटते. एकदा पंगतीत शेजारचा माणूस ताट उचलून लांब सरकला, तेव्हापासून मी आमच्या सांगवी गावाबाहेर पडणंच सोडलं. विहिरीच्या कठड्यावर एकटाच खाली पाण्याकडं बघत बसायचो. मला तसं सोडून तिचा पाय निघेना. मी मात्र तिच्या माहेरी निरोप धाडायचो, ‘हिला गर्दीत चक्कर येते.’ सख्ख्या भावाचं लग्नसुद्धा तिनं बुडवलं. माहेरात माणूसघाणी ठरली, पण तोंड उघडलं नाही.

यंदा बारामतीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी मलमाआधी विचारलं, “आजोबा, झोप लागते का?” मी ढसाढसा रडलो. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. पापडी राहिली, भीती बरीच उतरली.

म्हणून मेव्हण्याच्या नातीच्या हळदीला आम्ही इंदापुरात हजर! मी चक्क अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात.

“आक्का, वाट चुकलीस व्हय?” मेव्हण्यानं टोमणा मारला. “गर्दी सोसंल का?”

तेवढ्यात पोरींनी आम्हा सगळ्यांना हळदीनं माखलं. उन्हात हळद वाळली, डीजे वाजू लागला आणि नाचता नाचता प्रत्येकाच्याच अंगावरून पिवळी पापडी गळायला लागली. मेव्हण्याच्या टकलावरून तर ढलपेच! मला हसू आवरेना.

“मेव्हणं, समदी माझ्या पंगतीत आलासा की!”

“दाजी, भांग घेतली काय?”

मी त्याच्या कानाशी ओरडलो, “आक्काला काय बी झालं न्हवतं! लाज मला वाटायची!”

“काय? आयकू येत न्हाय!”

दुसऱ्यांदा विहिरीसकट सगळं ओरडलो. या वेळी त्याला ऐकू गेलं. तो तसाच बहिणीकडं गेला.

“आक्का, येवढ्या शिव्या खाल्ल्यास. बोलायचं तरी!”

“तुझ्या शिव्या परवडल्या रं. इहीर परवडली नसती.”

त्याच्या गालावरच्या हळदीत दोन ओघळ उतरले. मग मूठभर ओली हळद घेऊन आला आणि माझ्या खरबरीत कोपरावर त्यानं ती दोन्ही हातांनी चोळली. मला गुदगुल्या झाल्या.

परतीची एसटी मात्र चुकली. गर्दी न सोसणारी माझी बायको डीजेपुढून हलायलाच तयार नव्हती.